‘सांगत्ये’ आणि ‘असो’

आज दोन तऱ्हेच्या छापील कागदांबद्दल बोलू. एक, सिनेमातल्या नटीनं सांगितलेली स्वतःची हकीकत. दुसरे, तरुण पोरांनी सायक्लोस्टाइल करून वाटलेले अंक. काळ साधारण एकच, आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दोघांनाही जागा नव्हती.

१९१० साली रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आलं. पुस्तक सुंदरच आहे, पण त्यातल्या ‘आमच्या’च्या मध्यभागी न्यायमूर्ती बसलेले आहेत. १९७० साली राजहंसनं हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ काढलं. (मध्ये लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ येऊन गेली, त्यांच्यासाठी वेगळं व्याख्यान लागेल.) ‘सांगत्ये’ हे रूप बघा. ‘सांगते’ नाही, ओट्याशी बोलणाऱ्या बाईचा उच्चार जसाच्या तसा. खरं तर हे नाव १९५९च्या अनंत मान्यांच्या सिनेमाचं. हंसाबाई त्यात होत्या, आणि आपल्या पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. म्हणजे आत्मचरित्राचं नावसुद्धा पडद्यावरून आलेलं! त्यांचं स्वतःचं नावही तसंच. जन्मनाव रतन साळगावकर. घराण्याचं नाव सिनेमात नको म्हणून आडनाव बदललं.

ही हकीकत आधी श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकात आली. हंसाबाई बोलल्या, आणि पुढे ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या अरुण साधूंनी शब्दांकन केलं. दारू, नवऱ्याशी भांडणं, घर सोडणं, मराठवाड्यातल्या एका जमीनदाराच्या घरात तिसरी बायको म्हणून कोंडून घातलेली वर्षं, सगळं त्यात आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक प्रश्न सतावतो. रूसोही ‘कन्फेशन्स’मध्ये सगळं सांगतो, पण त्याची नजर कायम न्यायाधीशावर असते, वकिली सुटत नाही. हंसाबाई वकिली करत नाहीत. ‘मी असं केलं’ एवढं सांगतात आणि पुढे जातात. कारण विचारावंसं वाटतं, तिथे पुस्तक गप्प. ही गप्प राहण्याची जागा बाईंची की लिहून घेणाऱ्याची? साधूंचे प्रश्न छापलेलेच नाहीत, त्यामुळे उत्तर मिळत नाही. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’नं १९७७ साली या जागा भरून काढल्या, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट मोठा आहे, तरी तो पाहिलेल्यांनी पुस्तक वाचलंच पाहिजे असं आमचं मत आहे, कारण सिनेमात कारणं मिळतात आणि पुस्तकात बाई भेटतात. पुस्तकानंतर वर्षभरातच, १९७१ साली, त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीस.

आता दुसरे कागद. लंडनमध्ये १९७६ साली मार्क पेरीनं पंक गाण्यांसाठी ‘स्निफिन ग्लू’ नावाचा घरगुती अंक काढला, त्याची जगभर चर्चा होते. आपल्याकडे हे बावीस वर्षं आधी झालं होतं, फक्त गाण्यांऐवजी कवितेभोवती. १९५४ साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, सायक्लोस्टाइलवर. मेणकागदाची स्टेन्सिल कापायची, रोळीवर चढवायची, शाई लावून हँडल फिरवायचं. काहीशे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटते, अंक संपला. संपादकीय मंडळ नको, जाहिरातदार नको. १९६३ साली अशोक शहाण्यांनी ‘मनोहर’मध्ये आजकालच्या मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकले, आणि त्याच सुमारास त्यांचं ‘असो’ निघालं. मग ‘येरू’, ‘आत्ता’, ‘फक्त’, ‘वाचा’. नावं ऐकली तरी कळतं, ‘सरस्वती’ किंवा ‘ज्योती’ यांना नको होती. बोलताना तोंडात येणारा शब्द घेतला आणि अंकावर ठेवला. ‘सांगत्ये’चं नातं इथे जुळतं.

पण एक टोचतं. या अंकांतून राजा ढाले, वसंत गुर्जर, सतीश काळसेकर, नेमाडे अशी मंडळी दिसतात. बायका? जवळजवळ नाहीत. प्रस्थापितांना शिव्या घालणाऱ्या पोरांच्या अंगणात जी बाई आली नाही, ती ‘माणूस’च्या पानांवर येऊन सगळ्यांपेक्षा उघडं बोलली. बंडखोरांच्या इतिहासात हंसाबाईंचं नाव कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

‘सांगत्ये ऐका’ निदान पुस्तक झालं, म्हणून टिकलं. सायक्लोस्टाइलचे अंक ग्रंथालयांनी क्वचितच बांधून ठेवले. इथे खराडीत पेठेतलं घर सोडून फ्लॅटमध्ये आलेली अनेक कुटुंबं आहेत. माळ्यावरची गाठोडी रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून बघा. पिवळा, पातळ, कडेनं तुटणारा कागद हाताला लागला, तर आधी गंजलेली पिन हलकेच काढा, मग पान उलटा.