धुराच्या तपासणीचे सॉकेट आणि हायब्रिड मोटारीची बॅटरी

दिल्लीतील करोल बागेच्या मोटार-ॲक्सेसरीजच्या बाजारात तळहातावर मावेल एवढे निदानयंत्र काही शे रुपयांत मिळते. जुनी हायब्रिड मोटार घेऊ पाहणारा ग्राहक ते स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसवतो, मोबाइलशी जोडतो आणि एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतो: बॅटरी अजून किती टिकेल? प्रश्न रास्त आहे. बॅटरी बदलण्याच्या खर्चाने जुन्या मोटारीचा सारा व्यवहार फसू शकतो. अडचण एवढीच, की ते सॉकेट या प्रश्नासाठी जन्मलेच नव्हते.

त्याचा जन्म धुरक्यातून झाला. लॉस एंजेलिसचे धुरके मोटारींच्या उत्सर्जनातून आणि सूर्यप्रकाशातून घडते, हे एरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले. त्या चिंतेपोटी कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून, आणि अधिक काटेकोर स्वरूपात साऱ्या अमेरिकेने १९९६पासून, मोटारीने आपले दोष आपणच नोंदवावेत असा नियम केला. टोयोटाची प्रियस जपानमध्ये आली ती त्यानंतर, डिसेंबर १९९७मध्ये. भारतात क्रम उलटा झाला. होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८मध्येच विक्रीस आली होती. स्वनिदानाचा नियम भारत स्टेज ४ सोबत एप्रिल २०१०पासून आला.

पुढे प्रमाणित यादीत ‘हायब्रिड बॅटरीचे उर्वरित आयुष्य’ असा एक आकडा समाविष्ट झाला. नाव फसवे आहे. अनेक मोटारी तेथे त्या क्षणी बॅटरीत असलेला चार्ज कळवतात. थकलेली बॅटरीही ६० टक्के भरलेली असू शकते.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत नुसता व्होल्टेजही फारसे सांगत नाही. चार्जच्या मधल्या पट्ट्यात तो जवळजवळ स्थिर राहतो, आणि मोटार बॅटरीला मुद्दाम त्याच पट्ट्यात ठेवते. खरी खूण म्हणजे अंतर्गत रोध. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मोड्यूल असतात; त्यांचा व्होल्टेज जोडीजोडीने, १४ ठिकाणी मोजला जातो. ५० अँपिअर प्रवाह वाहताना एखादी जोडी इतरांहून १ व्होल्ट अधिक खाली गेली, तर तिचा रोध २० मिलिओहमने जास्त आहे. ‘पी ० ए ८०’ हा दोषसंकेत मात्र अशी तफावत बरीच वाढल्यावरच उमटतो.

हे १४ आकडे प्रमाणित यादीत नाहीत. ते कंपनीच्या स्वतःच्या संदेशांत असतात. हौशी मंडळींनी ते संदेश उलगडले आणि ॲप तयार केली. यंत्राच्या स्वस्ताईची कथाही गमतीची आहे: कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने आपल्या चिपच्या पहिल्या आवृत्तीत नकलेपासून संरक्षण ठेवले नव्हते, आणि नकलांनी जग भरले.

म्हणून उभ्या मोटारीवर घेतलेले वाचन अपुरे ठरते. जाणकार तपासनीस मोटार चढावर नेतो, जोरात वेग घेतो, मग ब्रेक लावतो आणि त्या वेळी १४ आकडे एकत्र हलतात का ते पाहतो. सोबत बॅटरीचे तापमानही. प्रियसची बॅटरी प्रवाशांच्या कक्षातील हवेने थंड होते. मागच्या सीटशेजारची जाळी दिल्लीच्या धुळीने तुंबलेली असेल, तर मे महिन्यात ते आकडे आधी तेथे चढतात.