हापसा, बिअर आणि वार्षिक सर्वसाधारण सभा

क्रांती ही उपाशी माणसं करतात, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. फ्रान्समध्ये पाव महागला म्हणून क्रांती झाली, रशियात पावासाठी रांगा लागल्या म्हणून झाली. बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या, तेव्हा कुठे पेयांनाही इतिहासात जागा मिळाली. पण पोटभर जेवलेल्या, सुट्टीवर निघालेल्या आणि हातात ग्लास असलेल्या चार तरुणांनी केलेली क्रांती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती बिअरसाठी होती, त्यामुळे पाठ्यपुस्तक मंडळाचा नाइलाज मी समजू शकतो. तरीही बी. कॉम. झालेल्या माणसानं ती वाचावी अशी आहे. तिच्यात बंदुका नाहीत, वर्गणी आहे. घोषणा थोड्या, ठराव फार. पावतीपुस्तक आहे, कोरम आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला आयुष्यात जे जे पवित्र वाटतं, ते सगळं या क्रांतीत हजर आहे.

आता हा कारकून बिअरवर बोलणारा कोण, असं तुम्ही विचाराल. माझा एक भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. तिकडे गेल्यावर तो एका संस्थेचा सभासद झाला. ताई सगळ्या नातेवाइकांत अभिमानानं सांगते, "आमचा मुलगा तिकडे समाजकार्य करतो. शनिवार-रविवार मीटिंगा असतात." कसलं समाजकार्य हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही आणि मामा या नात्यानं मीही तोंड उघडलेलं नाही. त्या संस्थेचं नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. मराठीत म्हणायचं तर 'अस्सल बिअर बचाव समिती'. भाच्यानं मला माहिती पुरवली, मी पुस्तकं वाचली आणि ग्लासाला हात न लावता या विषयात बऱ्यापैकी पारंगत झालो.

ही भानगड समजायची तर आधी पिंप समजलं पाहिजे. जुनी इंग्रजी बिअर म्हणजे जिवंत वस्तू. ब्रुअरीतून पिंपात भरून ती पबमध्ये येते तेव्हा तिच्यातलं यीस्ट मेलेलं नसतं. तळघरात बारा-तेरा अंश तापमानात ती आणखी थोडी फसफसते, मुरते, गाळ तळाशी बसतो. ज्यानं घरी दही लावलंय त्याला हे समजावून सांगायला नको. दही लवकर काढलं तर अदमुरं, विसरलं तर आंबट. या बिअरचंही तसंच. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाही तर ओतून द्यायचं. म्हणजे पबच्या मालकाला हात पाहिजे, नाक पाहिजे आणि गिऱ्हाईक पाहिजे. एवढं जमलं की बिअर तळघरातून वर आणायची ती हातपंपानं. होय, सरळ आपला हापसा! आपल्या गावांत नळ यावा आणि हापसा जावा म्हणून लोकांनी सरपंचाच्या दारात ठाण मांडलं. तिकडे हापसा राहावा म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. कुठल्या देशाचं नशीब कुठल्या पिंपात असेल, सांगता येत नाही.

हापशाला शत्रू कोण? तर 'केग'. हे धातूचं बंद पिंप. त्यातली बिअर गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली, थंड केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं वर ढकललेली. वॉटनी कंपनीनं १९३० च्या दशकात हा प्रयोग लंडनजवळच्या एका टेनिस क्लबात केला. तिथली मंडळी शनिवार-रविवारीच खेळायला यायची आणि मधल्या दिवसांत उघडलेलं पिंप नासून जायचं. केगमधली बिअर नासत नव्हती. नासायला तिच्यात काही जिवंत उरलंच नव्हतं! कंपन्यांना ही सोय फार आवडली. ना मुरवायची दगदग, ना तळघराची कटकट. खटका दाबला की सोमवारी जी चव तीच शनिवारी.

या चवीचा मला स्वानुभव आहे. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक काका चहा करायचे. सकाळचा चहा फक्कड, दुपारचा बरा आणि क्लोजिंगच्या दिवशी संध्याकाळचा केवळ दैवी. मग वरच्या ऑफिसचं परिपत्रक आलं आणि भिंतीवर बटणाचं यंत्र बसलं. यंत्र सदैव एकसारखा चहा देई, म्हणजे सदैव वाईट. वाईट चहाबद्दल तक्रार करता येत नाही, कारण त्यात बिघाड झालेला नसतो. यंत्र नीट चालू असल्याचा तो पुरावा असतो. आम्ही सत्तावीस जणांनी त्या चहाला रोज नावं ठेवली आणि रोज दोन कप प्यायलो. आमचा निषेध तेवढ्यावर थांबला. इंग्रजांचाही बरीच वर्षं तिथंच थांबला होता.

थांबायला कारणही होतं. तिकडे बहुतेक पब ब्रुअऱ्यांच्याच मालकीचे. ज्याचा पब, त्याचीच बिअर. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअऱ्या भराभर गिळल्या आणि सगळा बाजार सहा बड्या घराण्यांच्या हाती आला. वॉटनीनं १९६३ साली नॉर्फोकमधल्या दोन जुन्या ब्रुअऱ्या एकाच वर्षात विकत घेतल्या आणि पुढे बंद केल्या. मग त्या भागातला माणूस एका पबवर रुसून दुसऱ्यात गेला, तरी ग्लास बहुधा त्याच कंपनीचा. १९७१ साली याच वॉटनीनं आपल्या बिअरची 'लाल क्रांती' जाहीर केली. माओ, क्रुश्चेव्ह आणि कॅस्ट्रो यांच्यासारखी दिसणारी माणसं हातात बिअर घेऊन जाहिरातीत झळकली. भांडवलदारानं क्रांतीही स्वतःच करायची ठरवल्यावर गिऱ्हाइकानं करायचं काय?

त्याच वर्षी, १९७१ च्या मार्चमध्ये, उत्तर-पश्चिम इंग्लंडातले चार तरुण आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीज, बिल मेलर आणि जिम मेकिन. यातले तिघे पत्रकार आणि मेकिन हा एका ब्रुअरीच्या ऑफिसातला कारकून. (कारकुनाशिवाय क्रांती कागदावर येत नाही, हे इथे नमूद करतो.) आयर्लंडच्या पार पश्चिम टोकाला डनक्विन नावाचं खेडं आहे. तिथल्या क्रूगर यांच्या बारमध्ये बसून, आपल्या देशात बिअरचं कसं वाटोळं झालंय यावर त्यांची चर्चा झाली. अशा चर्चा जगातल्या सगळ्या बारमध्ये होतात आणि बिल आलं की संपतात. या चौघांनी मात्र संस्था काढली. मूळ नाव 'कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल'. यातला मधला शब्द शुद्धीत असतानाही नीट उच्चारता येत नाही, मग ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांचे हाल विचारू नका. १९७३ साली त्या जागी 'रिअल', म्हणजे अस्सल, हा सुटसुटीत शब्द आला.

अशी संस्था पहिलीच होती असं नाही. लाकडी पिंपातली बिअर टिकावी म्हणून १९६३ सालीच एक मंडळ निघालं होतं. पण ते बरंचसं हौशी. या नव्या लोकांनी तक्रारीला कार्यालयीन शिस्त लावली. १९७२ साली नन्इटन गावातल्या एका पबमध्ये पहिली वार्षिक सभा घेतली. आणि मग त्यांनी ते केलं, ज्याची कंपन्यांना खरी धास्ती बसली. त्यांनी यादी केली.

कुठल्या गावात, कुठल्या पबमध्ये अस्सल बिअर मिळते, याची ही यादी. १९७४ साली तिचं छापील पुस्तक निघालं, 'गुड बिअर गाइड'. ते काढलं लीड्सच्या वॅडिंग्टन कंपनीनं. ही पत्ते छापणारी कंपनी, आणि आपल्याकडे ज्याला 'व्यापार' म्हणतात त्याचा मूळ खेळ 'मोनॉपली' इंग्लंडात हीच कंपनी विकायची. मक्तेदारीचा खेळ विकणाऱ्यांनीच मक्तेदारीविरुद्धचं पुस्तक काढावं, याला नियतीचा डबल एन्ट्री हिशेब म्हणतात. पुस्तकात प्रत्येक ब्रुअरीवर थोडक्यात शेरा होता. वॉटनीवरच्या शेऱ्यात प्लेगचा उल्लेख होता. तो पाहून प्रकाशकांचे धाबे दणाणले. छापलेल्या प्रती मागे घेतल्या आणि शेरा सौम्य केला. म्हणजे प्लेग काढला आणि लांब राहण्याचा सल्ला तेवढा ठेवला. वरिष्ठांच्या गोपनीय अहवालात शेरे कसे मऊ करतात, हे वीस वर्षं पाहिलेल्या माणसाला या दुरुस्तीची कारागिरी कळेल.

मोर्चेही निघाले. स्टोन नावाच्या गावातली जूल ही जुनी ब्रुअरी एक बडी कंपनी बंद करणार, असं कळल्यावर १९७३ साली लोक रस्त्यावर आले. आपल्याकडेही दारूसाठी मोर्चे निघतात, पण ते बंद करा म्हणून. गावातल्या बाया 'उभी बाटली की आडवी बाटली' यावर मतदान करून दुकान बंद पाडतात. ज्या घरातला पगार घरी पोचतच नाही, त्या घरातल्या बाईला आडव्या बाटलीचा अर्थ मी सांगायला नको, आणि तिच्या मोर्चाची मी थट्टाही करणार नाही. पण स्टोनच्या लोकांचं दुःखही निव्वळ प्यायचं नव्हतं. गावात कैक पिढ्या चाललेला कारखाना, तिथले हात, ती चव, हे सगळं दूरच्या शहरात कुणीतरी ताळेबंदाची एक ओळ खोडून संपवणार होतं. ब्रुअरी १९७४ साली बंद झालीच. मोर्चा हरला, पण पुढच्या ब्रुअरीला हात लावताना कंपन्या जरा इकडेतिकडे बघू लागल्या.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला पुढचा भाग विशेष आवडेल. १९७४ सालीच या मंडळींनी चक्क गुंतवणूक कंपनी काढली आणि ब्रिस्टलचा 'ओल्ड फॉक्स' हा पब विकत घेतला. पुढे आणखीही घेतले. नुसती टीका काय करता, चालवून दाखवा, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी चालवून दाखवलं. १९७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बिअरचं प्रदर्शन भरवलं. १९७७ पासून अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये मोठी जत्रा सुरू झाली. १९८० च्या जुलैत त्या पॅलेसला आग लागली, तर यांनी शेजारी तंबू ठोकले आणि जत्रा केली. या जत्रांत पिंपं उचलण्यापासून ग्लास विसळण्यापर्यंत सगळी कामं सभासद फुकट करतात. भाचा मला म्हणाला, "मामा, गेल्या वर्षी मी दोन दिवस नुसते ग्लास धुतले." हे वाक्य मात्र मी ताईला कळवलं. घरी स्वतःचा चहाचा कप न उचलणारा मुलगा ग्लास धुतो म्हटल्यावर तिला त्याच्या समाजकार्याची खात्रीच पटली.

१९८९ साली सरकारी मक्तेदारी आयोगानं या धंद्याचा अहवाल दिला आणि कायदे बदलले. ज्यांच्याकडे दोन हजारांहून जास्त पब, त्यांनी वरच्यातले निम्मे मोकळे करायचे. बांधील पबच्या चालकालाही बाहेरची एक 'पाहुणी बिअर' ठेवायची मुभा मिळाली. अतिथी देवो भव! पण कायद्याला पळवाट काढणारे जन्मजात हुशार असतात. ब्रुअऱ्यांनी सोडलेले पब पबांचा धंदा करणाऱ्या नव्या बड्या कंपन्यांनी घेतले. सासूचा जाच संपला म्हणावं, तर आत्येसासू येऊन बसली.

पण गंमत पुढेच आहे. चार टाळक्यांची संस्था लाखाहून जास्त सभासदांची झाली. अस्सल बिअर टिकली. मग शेकडो छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या आणि त्यांतले नव्या दमाचे लोक उत्तम बिअर चक्क केगमध्ये भरू लागले. शत्रूच्या पिंपात मित्राची बिअर! आता व्याख्या सोडायची की मित्र सोडायचा? २०१८ साली कॉव्हेंट्रीच्या वार्षिक सभेत, सगळ्या प्रकारच्या बिअरबद्दल माहिती आणि शिक्षण देण्यात संस्थेनं पुढाकार घ्यावा, असा ठराव आला. विशेष ठरावाला पंचाहत्तर टक्के मतं लागतात, हे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षालाच कळतं. मतं पडली बहात्तरच्या आसपास. ठराव नापास! ज्यांनी एके काळी बड्यांचा हट्ट मोडला, त्यांचा स्वतःचा हट्ट अडीच-तीन टक्क्यांनी शाबूत राहिला. भाच्यानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. तो आठवडाभर रागावला होता, पण पुढच्या वर्षाची वर्गणी त्यानं वेळेवर भरली. मला या मतदानापेक्षा त्या वर्गणीचं जास्त कौतुक वाटतं.

हे लोण आपल्याकडेही आलं. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. जिथं १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, त्याच महाराष्ट्रात ताजी बिअर तिथल्या तिथं तयार होऊ लागली. पुणेकरांनी तिचं स्वागत केलं आणि लगेच चवीला नावंही ठेवली असणार. नावं ठेवण्यात आपण कुठल्याच देशाला हार जाणार नाही.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. मिसळीची चव गेली, चिवड्यात पूर्वीचं तेल नाही, आंब्याला वास नाही, हे आपण रोज म्हणतो. म्हणून झालं की रुमालानं तोंड पुसतो आणि बिल देतो. त्या चौघांनीही आधी तेवढंच केलं होतं. मग त्यांतल्या कुणीतरी म्हणालं असेल, थांबा, हे लिहून घेऊ या. आणि लिहून घेणाऱ्या माणसाला मोठ्या कंपन्या फार भितात, हे मी कॅश काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो. काउंटरवर आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक आम्हाला चालतं. शांतपणे तक्रारवही मागणारं आलं, की मॅनेजर स्वतः केबिनबाहेर येतात.