विजेच्या जुन्या दिव्यांचा संग्रह : एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रातील प्रकाशसाधनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला एक विषमता प्रारंभीच जाणवते. समई, निरांजन, लामणदिवा, दिवटी यांचे नमुने त्याला संग्रहालयात पाहावयास मिळतात आणि त्यांची नावे कोशात सापडतात. परंतु गेल्या शतकात ज्याने या सर्वांना बाजूस सारले, त्या विजेच्या काचेच्या दिव्याचे, म्हणजेच बल्बचे, जुने नमुने मात्र सहसा आढळत नाहीत. ही उणीव केवळ योगायोगाची नव्हे. तिचे कारण संग्राहकांच्या उदासीनतेत शोधण्यापूर्वी आपल्या आचारात आणि भाषेत शोधावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तेलाच्या दिव्यांचे वैभव जपले जाण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा वाटा मोठा आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या संग्राहकाने १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले पुण्याचे संग्रहालय १९६२ मध्ये स्थापन झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी ते राज्य शासनाच्या स्वाधीन केले. भारतीय दिव्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि केळकरांना जे मिळाले, ते घराघरांतून आधीच राखले गेले होते, हे विसरून चालणार नाही. आषाढी अमावास्येस घरातील सर्व दिवे घासूनपुसून पाटावर मांडावयाचे व त्यांची पूजा करावयाची, हा आपला जुना कुळाचार. दिव्यांचा हा वार्षिक मेळावाच होय. वर्षातून एकदा प्रत्येक दिवा हाती घेतला जाई, त्यामुळे तो हरवत नसे आणि त्याचे नावही हरवत नसे.

या पाटावर बल्बला स्थान मिळाले नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्ये विजेचा प्रकाश प्रथम दिसला. पण ते काम करणारी कंपनी लवकरच बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. १९०५ मध्ये मुंबईत वीजपुरवठा व ट्रामसेवा यांसाठी नवी कंपनी स्थापन झाल्यानंतर वीज हळूहळू स्थिरावत गेली. मराठीने या नव्या वस्तूचे स्वागत जुन्याच क्रियापदांनी केले. समई लावावी तसा विजेचा दिवाही ‘लावला’ जाऊ लागला, आणि निजताना तोही ‘मालवला’ जाऊ लागला. पण एका ठिकाणी जुना शब्द अपुरा पडला. समईतील तेल संपते, वात जळून जाते, समई राहते. बल्ब मात्र ‘उडतो’. जी वस्तू उडते ती लेकीसुनेला देता येत नाही. ती फेकली जाते. हे अल्पायुष्यही सर्वस्वी स्वाभाविक नव्हते. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे संघटित झालेल्या बड्या उत्पादकांनी घरगुती बल्बचे आयुष्य बुद्धिपुरस्सर १००० तासांवर आणले होते.

असे असूनही युरोप-अमेरिकेत जुन्या बल्बांचे संग्राहक एकत्र जमतात. बाल्टिमोरचे दंतवैद्य ह्यू हिक्स यांनी दवाखान्याच्या तळघरात जमविलेला प्रचंड संग्रह, २००२ मध्ये त्यांच्या निधनानंतर, त्या शहरातील उद्योगविषयक संग्रहालयात गेला. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे अग्निशमन केंद्रात १९०१ पासून तेवत असलेल्या बल्बचा शंभरावा वाढदिवस २००१ मध्ये गावकऱ्यांनी साजरा केला. अशा मेळाव्यांत हौस असते, नमुन्यांची अदलाबदल असते. परंतु त्यांचे खरे कार्य वाचनाचे आहे. काचेच्या टोकाशी हवा काढून घेतल्याची बोंडी असेल तर बल्ब बहुधा १९२० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. तार कार्बनची असेल तर काळ आणखी मागे जातो, कारण ओढून काढलेली टंगस्टनची तार १९१० च्या सुमारास आणि वायू भरलेला बल्ब १९१३ नंतर आला. टोपीला आटे असतील तर घडण अमेरिकी पद्धतीची. दोन खुंट्या असून ती दाबून फिरवावयाची असेल तर ब्रिटिश पद्धतीची. आपल्याकडे ही दुसरी पद्धत रूढ झाली, यातच आपल्या व्यापारेतिहासाचे एक पान आहे. बल्ब हा तिथी नसलेला दस्तऐवज आहे आणि चार जाणकार एकत्र बसले म्हणजे त्याची तिथी ठरते.

या वाचनाचा उपयोग आपल्या प्रदेशात कोठे होईल, याचे उदाहरण म्हणून हिंगोली–वाशिम मार्गावरील कनेरगाव नाका या गावाचा विचार करावा. निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची हद्द या परिसरातून जात असे. हैदराबाद संस्थान आपल्या हद्दीवर स्वतःची जकात घेई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही बाजू एका राज्यात आल्या आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी विजेचा दाबही सर्वत्र एकसारखा नसे. अशा सीमावर्ती पट्ट्यात जुन्या दुकानाच्या किंवा वाड्याच्या माळ्यावर एखादा बल्ब शिल्लक असेल, तर त्यावरील उत्पादकाचे नाव आणि दाबाचा आकडा तो कोणत्या बाजूने आला असावा हे सुचवू शकेल. कागदपत्रे राजधानीत जमा होतात. वापरलेली वस्तू गावातच राहते.

आता हा अवशेषही झपाट्याने नाहीसा होत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. विजेची बचत झाली हे इष्टच. पण जुन्या बल्बांबरोबर त्यांचे शब्दही चालले आहेत. ‘झीरोचा बल्ब’ म्हणून घरोघर ओळखला जाणारा दिवा वस्तुतः सुमारे १५ वॅटचा असे. हा शून्य कोठून आला, हे विचारावे अशी पिढी अद्याप हयात आहे.

म्हणून विद्यापीठीय विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच काम सांगावे : आषाढी अमावास्येस गावी गेल्यावर पाटावरील दिव्यांबरोबर माळ्यावरचे बल्ब, होल्डर आणि बटणेही खाली काढावीत, त्यांवरील अक्षरे उतरून घ्यावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांनी उच्चारलेले प्रत्येकाचे नाव जसेच्या तसे टिपून ठेवावे. पुढील इतिहासकारास तेवढे साधन पुरेसे होईल.