मॅट्रिकनंतर काय?

नीरेचा डावा कालवा बारामती मागे टाकून इंदापूर तालुक्यात उतरतो, त्या टापूत कळंब हे गाव आहे. नकाशात ते शोधू गेलात, तर शेजारचे वालचंदनगर आधी डोळ्यांत भरेल. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून उद्योगाला हात घालणाऱ्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत कळंबच्या जमिनीवर साखर कारखाना उभारला, आणि त्याच्याभोवती जी वसाहत वाढली तिला त्यांचेच नाव मिळाले. साखरेपाठोपाठ साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे इथे तयार होऊ लागली, सिमेंटची यंत्रे आली, आणि १९७० नंतर तर अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांचे भागसुद्धा इथल्या कारागिरांच्या हातून घडू लागले.

आता या गावात हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात बसलेला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला दोन गोष्टी रोज दिसतात : एक कारखान्याचे फाटक आणि दुसरी बारामतीला जाणारी एसटी. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. तोवर कॉलेज म्हणजे पुणे नाहीतर सोलापूर, आणि त्यापाठोपाठ खोलीचे भाडे व खाणावळीचे बिल. आज तर कळंबमध्येच महाविद्यालय आहे. वाट जवळ आली. पण 'पुढे काय?' हा प्रश्न काही सोपा झाला नाही. तुम्ही म्हणाल, हा त्या मुलाचा आणि त्याच्या बापाचा प्रश्न. यात इतिहास कसला आला? पण सुमारे एकशेचाळीस वर्षे सरकारे, आयोग आणि शिक्षणाचे अभ्यासक याच एका प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्यांनी दिलेली उत्तरे कागदावर सरळ दिसतात. ती वर्गापर्यंत येता येता वाकडी का झाली, ते आपण जरा पाहू.

मूळ घोटाळा नावातच आहे. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. सव्वाशेच्या आसपास मुले बसली आणि जेमतेम विशी-बाविशीत पास झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हीच मंडळी १८६२ साली पहिले बी. ए. म्हणून बाहेर पडली. अशा मुलांना कॉलेजात घ्यावे की नाही, एवढेच ठरविण्यासाठी ती परीक्षा होती. हायस्कुलात मुलगा काय शिकला, कोणत्या कामाला लायक झाला, हे मोजण्याचा तिचा हेतूच नव्हता. पण झाले असे, की सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांनी नोकरीसाठी तेच माप हाती घेतले. मग ज्याला कॉलेजचे तोंडही पाहायचे नव्हते, त्यालाही कॉलेजच्याच देवडीवरच्या शिपायाला नमस्कार करून पुढे जावे लागले. हायस्कूलला स्वतःचा असा शेवट उरला नाही. जणू कॉलेजचा ओटा म्हणजेच हायस्कूल.

हे पहिल्यांदा ज्यांच्या नजरेत भरले, त्यांत जोतीराव फुले होते. १८८२ साली हंटर आयोग आला तेव्हा १९ ऑक्टोबरची तारीख घातलेले निवेदन त्यांनी आयोगापुढे ठेवले. त्यात मोडी आणि बाळबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय त्यांनी मागितले. खेड्यातल्या शाळेचे विषय शहरातल्याहून थोडे कमी असले तरी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असता कामा नयेत, आणि शाळेला लागून एखादी छोटी नमुनेदार शेती असावी, असे त्यांचे म्हणणे होते. ही मागणी प्राथमिक शाळेपुरती होती हे खरे. पण तिच्यातला मुद्दा ध्यानात घ्या. हाताचे शिक्षण काही मुलांना आणि डोक्याचे शिक्षण इतरांना, अशी वाटणी जोतीरावांनी केली नाही. एकाच मुलाने व्याकरणही शिकावे आणि वाफाही करावा.

आयोगाने मात्र हायस्कूलसाठी वाटणीच सुचविली. वरच्या इयत्तांत दोन फाटे काढावेत : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा, दुसरा व्यापार आणि इतर व्यवहारी धंद्यांकडे. त्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुंबई इलाख्यात 'स्कूल फायनल' नावाची निराळी परीक्षा निघाली. तिचे पुढे काय झाले? ती सरकारी कारकुनीची पायरी बनली, म्हणजे व्यवहाराकडे जाणारा फाटाही फिरून टेबलापाशीच आला! साऱ्या हिंदुस्थानचा विचार केला तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मॅट्रिकला बसणाऱ्यांच्या मानाने दुसऱ्या वाटेने जाणारे दहात एकही नव्हते.

याचे खापर आपण सहसा लोकांच्या पांढरपेशेपणावर फोडतो. मला ते पटत नाही. शेतकरी बाप अडाणी असेल, पण हिशेबात कच्चा नसतो. मॅट्रिकच्या दाखल्याने कॉलेजही उघडते आणि नोकरीही. दुसऱ्या दाखल्याने फार तर एकच दार उघडते, आणि तेही अर्धे. मग त्याने पोराला कुठे घालावे?

महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचीही कथा अशीच आहे. १९१६ साली त्यांनी मातृभाषेतून शिकविणारे, आरोग्य आणि गृहशास्त्र यांना मानाचे स्थान देणारे विद्यापीठ काढले, आणि त्याची प्रवेशपरीक्षाही स्वतःची ठेवली. कल्पना धाडसी होती. पण कायद्याने त्या विद्यापीठाला मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. मधली पस्तीस वर्षे तिथली पदवी घेणाऱ्या मुलीला तिची किंमत स्वतःच पटवून द्यावी लागत असे. (हंटर आयोगापासून पुढच्या अहवालांत 'मुलगा' हा शब्द इतक्या सहज येतो, की मुलींनाही पोट असते आणि त्याही कामाच्या शोधात निघतात, हे विसरूनच जावे.)

या सगळ्यांत निराळा हिशेब मांडला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. हा माणूस स्वतः मॅट्रिक झाला नव्हता. त्याने किर्लोस्करांचे नांगर विकले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी 'कमवा आणि शिका' हे सूत्र धरले. मुलांनी शेतात राबावे, विहिरी खणाव्यात, इमारतीचे दगड वाहावेत, आणि त्याच मुलांनी परीक्षा देऊन थेट कॉलेजात जावे. १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघाले ते याच सूत्रावर. आयोगांनी मुलांची वाटणी केली होती. भाऊरावांनी दिवसाची केली. सकाळी कुदळ आणि दुपारी बीजगणित. त्यामुळे कुदळ धरणारा मुलगा मागे पडलेला आहे, असे त्याच्याही मनात येत नसे आणि शेजारच्याच्याही.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक गेली. १९४८ च्या कायद्याने बोर्ड झाले आणि १९४९ साली एस. एस. सी.ची पहिली परीक्षा झाली. शाळेची परीक्षा विद्यापीठाच्या हातून सुटली, ऐच्छिक विषयांची यादी लांबली. लोकांच्या तोंडून 'मॅट्रिक' हा शब्द मात्र गेला नाही, आणि तो का गेला नाही हे उघड आहे. १९५२-५३ मध्ये लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने बहुउद्देशीय शाळांची योजना मांडली. मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहशास्त्र असे सात गट. यंत्रसामग्री विकत घेता येते, पण ती शिकविणारा मिळावा कसा? ज्याला लेथ उत्तम चालवता येतो, तो मास्तरच्या पगारावर का यावा? आणि तांत्रिक गटातला हुशार मुलगा फिटर होण्यासाठी नव्हे, तर इंजिनियरिंग कॉलेजात जाण्यासाठी तिथे बसे.

याच सुमारास दुसरी एक मोठी गोष्ट घडली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीची सवलत जाहीर केली. वार्षिक ९०० रुपयांच्या आतले घर, पुढे १,२०० रुपयांच्या आतले. 'ई. बी. सी.' ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत घरोघर पाठ झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासाठी कॉलेजचे दार बंद होते, त्यांच्या पोरांना ते पहिल्यांदा खुले झाले. आणि नेमक्या त्याच वर्षांत विद्वान मंडळी सांगू लागली, की कॉलेजात फार गर्दी झाली आहे, तुम्ही दुसऱ्या वाटेने जा! सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या वाटेने जात होती, हे खेड्यातल्या माणसाला दिसत होते. त्याने ऐकले नाही, यात त्याचे काय चुकले?

हा सारा इतिहास ज्यांनी मुळापासून अभ्यासला, ते जयंत पांडुरंग नाईक आपल्या कोल्हापूर भागातले. सय्यद नुरुल्लांबरोबर त्यांनी हिंदुस्थानच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला, तो १९४३ साली निघाला. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. तिथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण संस्थेत खेड्याच्या सेवेसाठी तीन वर्षांची पदविका होती. ती पदवीच्या तोलाची मानावी म्हणून देशभर खटपट झाली. तरी अशा संस्था हळूहळू नेहमीच्या विद्यापीठांच्या पंखाखाली गेल्या. पुन्हा तेच, दाखल्याचे दुखणे. १९६४ ते १९६६ या काळात नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे, त्यात 'कार्यानुभव' असावा, आणि दहावीनंतरच्या टप्प्यावर निम्मी मुले धंदेशिक्षणाकडे वळावीत, असे त्या आयोगाने म्हटले. हे ५० टक्के ध्यानात ठेवा. कार्यानुभवाचे काय झाले, हे तुम्हांला मी सांगायला नको. खडू आणि मेणबत्त्या आपण सर्वांनीच केल्या आहेत.

नाईकांची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. आपणच लिहिलेल्या अहवालाचे पुढे काय झाले, त्याची झडती त्यांनी स्वतः घेतली. ते पुस्तक १९८२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. धोरण आखणारे पुष्कळ असतात. ते फसले कुठे हे पाहण्यासाठी मागे वळणारा विरळा.

महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आराखड्यातली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी निराळी पडली. १९७८-७९ मध्ये द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आले : दुसरी भाषा आणि एक विषय सोडून २०० गुणांचा धंद्याचा विषय घ्यायचा. म्हणजे नोकरीही साधेल आणि कॉलेजही. मुलांनी त्यातून काय साधले? गुण! इलेक्ट्रॉनिक्स घेऊन टक्केवारी वाढवायची आणि अभियांत्रिकीला जायचे. १९८८ नंतर किमान कौशल्यावर आधारलेले अभ्यासक्रम निघाले. त्याआधी १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के मुले या वाटेवर आणण्याचे ठरविले होते. ते आकडे गाठता आले नाहीत. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची 'कल चाचणी' सुरू झाली, तीही काही वर्षांनी थांबली. मुलाचा कल कळला, तरी त्या दिशेला गाडी जाते का, हा प्रश्न उरतोच. आणि २०२० चे नवे धोरण म्हणते, की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के मुलांना धंदेशिक्षणाची ओळख व्हावी. कोठारी आयोगाचा आकडा चौपन्न वर्षांनी परत आला. फरक एवढाच, की १९६६ साली मुले त्या वाटेने जायची होती, आता त्यांना तिची ओळख झाली तरी पुरे.

मग दुसरी वाट कुठेच रुजली नाही काय? रुजली, जिथे काम आधीच उभे होते तिथे. १९५० पासून आयटीआय निघाल्या, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले, आणि शिकणे व कमावणे यांची गाठ पडली. ज्या मुलाचा चुलता फिटर आहे, त्याला लेथ म्हणजे काय हे पुस्तकातून समजावून द्यावे लागत नाही. मात्र एका फाटकावर सारा भरवसा टाकण्यातही धोका असतो. मुंबईच्या गिरण्यांत १९८२ च्या संपानंतर हजारो कसबी विणकर घरी बसले. त्यांचे कसब खोटे नव्हते, पण ते दुसरीकडे नेण्याचा रस्ता त्यांच्यापाशी नव्हता.

म्हणून दोन वाटा एकमेकींना मिळतात कुठे, हे मला वाटांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते. आज दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. १८८२ साली काढलेल्या दोन फाट्यांत असा जोडरस्ता नव्हता. दहावीचा निकाल लागला, की अकरावीच्या अर्जांची एकच झुंबड उडते. त्या गर्दीत कळंबच्या एखाद्या बापापुढे आयटीआयचे माहितीपत्रक उघडून पाहा. तो पगाराचे नंतर विचारील, आधी विचारील, "इथून पुढं कॉलेजला जाता येतं का?" त्याला आता होय म्हणून सांगता येते, आणि कोणत्या वर्षाला, तेही सांगता येते.