एरी सरोवर पुन्हा हिरवे का झाले?

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहराने नागरिकांना बजावले : नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष सापडले होते. उकळल्याने ते नष्ट होत नाही. पाणी तेवढे आटते आणि विष दाट होते. चार लाखांहून अधिक माणसे तीन दिवस बाटलीतल्या पाण्यावर राहिली, आणि तीही एका अवाढव्य गोड्या सरोवराच्या काठी!

हे विष एरी सरोवरात माजलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे. खरे तर हे शेवाळ नव्हे, जीवाणू. पण नाव रूढ आहे. ऊन, संथ पाणी आणि फॉस्फरस मिळाला की ते फोफावते. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत एरी सर्वांत उथळ. पश्चिम भागाची सरासरी खोली सात-आठ मीटर. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी याहून खोल असतात.

१९६० च्या दशकातच ‘एरी मेले’ अशी हाकाटी झाली होती. शहरांचे सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट यांवर बोट ठेवले गेले. साबण उद्योगाचे म्हणणे, दोष कार्बनचा. कॅनडाचे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये ओंटारियोतल्या २२६ क्रमांकाच्या एका लहानशा तळ्यात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन सोडले, दुसरीकडे त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. विमानातून टिपलेले ते छायाचित्र पाहिल्यावर वाद घालायला फारसे काही उरले नाही.

अमेरिका-कॅनडा करार १९७२ मध्ये झालाच होता. सांडपाणी शुद्धीकरणावर अफाट पैसा ओतला गेला, पावडरीतले फॉस्फेट घटले. एरीत वर्षाला ११,००० टनांहून अधिक फॉस्फरस जाऊ नये असे ठरले आणि १९८० च्या दशकात ते साधलेही. पाणी निवळले.

मग १९९० च्या दशकात दुखणे उलटले कसे? मला या इतिहासाचा हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. टोलेडोजवळ एरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात पूर्वी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची प्रचंड दलदल होती. एकोणिसाव्या शतकात चर खणून, जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ घालून ती कोरडी केली. तिथे सुपीक शेते झाली. पुढे मातीची धूप थांबावी, मातीला चिकटलेला फॉस्फरस सरोवरात जाऊ नये, म्हणून विनानांगरटीची शेती रुजवली गेली. धूप घटली. पण खत मातीत मिसळेना, वरच्या थरातच साचू लागले. वसंतातल्या जोरदार पावसात ते विरघळते आणि जमिनीखालच्या नळांतून थेट नदीत उतरते. मातीबरोबर वाहणाऱ्या फॉस्फरसपेक्षा हा विरघळलेला शेवाळाला कितीतरी सहज पचतो. परक्या झेब्रा शिंपल्यांनीही हातभार लावला : ते इतर शेवाळ खातात, विषारी तेवढे थुंकून टाकतात!

कारखान्याच्या पाइपाला मालक असतो, त्याला परवाना लागतो. शेतातून निथळणाऱ्या पाण्याला अमेरिकी जलकायद्याने यातून मोकळे ठेवले. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी फॉस्फरस ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. शेतीच्या बाबतीत भर राहिला तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या राजीखुशीवर. २०१९ मध्ये ओहायो राज्याने आणखी एक काम हाती घेतले : शेतकऱ्यांना अनुदान देण्याबरोबरच, दीडशे वर्षांपूर्वी आटवलेल्या त्याच दलदलीच्या प्रदेशात पुन्हा पाणथळ जागा तयार करणे.