वासोट्याची पुसट वाट

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर वासोटा ऊर्फ व्याघ्रगड उभा आहे. पायथ्याचा ओढा ओलांडला की वाट घनदाट झाडीत शिरते आणि आभाळ जवळजवळ दिसेनासे होते. पालापाचोळ्याखाली वाट कोठे संपली आणि ओहोळ कोठे सुरू झाला, हे नवख्याच्या ध्यानी येत नाही. चढावर तिला फाटा फुटतो. एक वाट गडावर जाते, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे वळून पुढे कोकणातील चोरवणे गावी उतरते.

ही वाट इतकी पुसट का, याचे उत्तर केवळ पावसात व रानात शोधून चालणार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे नियम घालून दिले, त्यांत गडाचा मार्ग सुगम नसावा, असल्यास तो मोडून तेथे झाडी वाढवावी, असे बजावले आहे. गडाभोवतालच्या रानातील काठीही तोडू देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणजे वाट पुसट असणे हा दोष नव्हता. तो गडाच्या संरक्षणाचा एक भागच होता.

परंतु पुसट वाटेलाही जाणता लागतो. गडाच्या चढावर ठिकठिकाणी चौक्या असत; त्यांना मेट म्हणत. तेथे वस्ती करून राहणारे मेटकरी पिढ्यान्‌पिढ्या ह्या वाटा सांभाळीत. वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवली ह्या गावाच्या नावात ती व्यवस्था अद्याप टिकून आहे.

अशा दुर्गम जागेचा उपयोग बंदिवासासाठी झाला, यात नवल नाही. 1660 मध्ये वासोटा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि पुढल्याच वर्षी राजापूरच्या वखारीतील काही इंग्रज कैदी येथे ठेवण्यात आले. 1806 च्या सुमारास पंतप्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलिणीने हाच गड बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध अनेक महिने लढविला. धान्याचे कोठार आगीत सापडले, तेव्हाच तिचा निरुपाय झाला. रानाने तिला साथ दिली. भुकेपुढे मात्र रानाचे काही चालले नाही.

1818 च्या एप्रिलमध्ये हेही संरक्षण संपुष्टात आले. बाबूकड्याच्या पलीकडे जुना वासोटा आहे. इंग्रजांनी तोफा त्या डोंगरावर चढविल्या आणि तेथून मारा केला. गड शरण आला. गडावर ठेवलेली सातारच्या राजघराण्यातील मंडळी आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी मुक्त झाले. तोफ एकदा समोरच्या माथ्यावर पोहोचल्यावर पायवाट लपविण्याला अर्थ उरला नाही.

तरीही वाट मेली नाही. गडाचे काम संपले, तरी खोऱ्यातील माणसांचे संपले नव्हते. गुरे, गवत, कोकणातील सोयरेधायरे आणि नागेश्वराचे दर्शन यांसाठी तिच्यावर पावले पडत राहिली. पुढे कोयनेवर धरण झाले. 1960 नंतरच्या दशकात शिवसागराचे पाणी खोऱ्यात पसरले, गावे उठली आणि वाट जाणणारी माणसे दूरदूर विखुरली. 1985 मध्ये हे रान अभयारण्य झाले. आज बामणोलीहून नावेने येणारा प्रवासी वनखात्याच्या परवानगीने गडावर जातो, माथ्यावर महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी व चुन्याचा घाणा पाहतो आणि दिवस मावळण्यापूर्वी परततो. नागेश्वराकडे मात्र महाशिवरात्रीला कोकणातून भाविक चढून येतात. त्या बाजूची वाट टिकली आहे ती त्यांच्या पावलांमुळे.

एके काळी वाट पुसट ठेवणे हे राज्याचे धोरण होते, कारण ती ओळखणारी माणसे तिच्या कडेलाच राहत होती. आज वाट तितकीच पुसट आहे. ती ओळखणारी माणसे मात्र तेथे राहिलेली नाहीत. खडकावर रंगाचे बाण काढल्याने नवख्याला दिशा कळेल; पण कोणत्या वळणावर पाणी आहे, कोणत्या फाट्याचे नाव काय आणि ते कोणी ठेवले, हे बाण सांगू शकणार नाही. धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या गावांतील वृद्धांजवळ ही माहिती आहे. गडाच्या तटाची मोजमापे ज्या आस्थेने नोंदली जातात, त्याच आस्थेने ती त्यांच्या तोंडून वेळीच लिहून घेतली पाहिजे. वासोट्याच्या इतिहासाचा तोही एक दस्तऐवज आहे.