कारखाना कोठे उभारावा? वाहतूक खर्चाचे गणित

दहा टन ऊस गाळला की साधारणपणे एक टन साखर हाती येते. उरलेले वजन पाणी, चिपाड आणि मळी यांचे असते. उलट शीतपेयाच्या बाटलीतील बहुतांश वजन पाण्याचे असते आणि पाणी बहुतेक ठिकाणी उपलब्ध असते. साखर कारखाने उसाच्या फडांच्या परिसरात उभे राहिले आणि शीतपेयांचे कारखाने मोठ्या शहरांच्या आसपास वसले, त्यामागे वजनाचा हा साधा हिशेब आहे. जागेचा भाव, करसवलत, वीज आणि मजूर यांचा विचार उद्योजक करतातच. मात्र जड मालाच्या उद्योगात एकदा चुकलेली जागा प्रत्येक टनामागे, कारखाना चालू असेपर्यंत, दंड वसूल करीत राहते. हा दंड कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न केवळ उद्योजकापुरता मर्यादित राहत नाही.

वेबरचा सिद्धांत

या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे ते धाकटे बंधू. वाहतुकीचा खर्च मालाचे वजन आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे गृहीत धरून त्यांनी कच्च्या मालाची विभागणी केली. पाणी, माती यांसारखा सर्वत्र मिळणारा माल एका बाजूला आणि खनिज, कोळसा, ऊस यांसारखा ठरावीक ठिकाणीच मिळणारा माल दुसऱ्या बाजूला.

ठरावीक ठिकाणच्या कच्च्या मालाचे वजन भागिले पक्क्या मालाचे वजन, हे गुणोत्तर एकापेक्षा बरेच अधिक असेल, तर उद्योग कच्च्या मालाकडे ओढला जातो. ते एकापेक्षा कमी असेल तर बाजारपेठेकडे. एकाच्या जवळपास असेल तर वाहतुकीच्या दृष्टीने कारखाना कोठेही चालतो आणि मजुरी, हवामान, भांडवल यांसारख्या गोष्टी निर्णायक ठरतात.

कापसाच्या उद्योगात हे तिन्ही पैलू दिसतात. वेचलेल्या कापसातून सरकी काढल्यावर रुईचे वजन साधारण एक तृतीयांश उरते. त्यामुळे जिनिंगचे कारखाने विदर्भातील कापूसपट्ट्यातच आले. रुईचे सूत आणि सुताचे कापड होताना मात्र वजन फारसे घटत नाही. म्हणूनच १८५४ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या यशस्वी गिरणीपासून हा धंदा कापूस न पिकणाऱ्या मुंबईत बहरू शकला. जमशेटजी टाटांनी मात्र मुंबई टाळून कापसाच्या मुलुखातील नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. दोन्ही निर्णय यशस्वी ठरले, कारण वाहतुकीचे पारडे कोणत्याच बाजूला फारसे झुकलेले नव्हते.

मधली जागा बहुधा महाग

खाण आणि बाजारपेठ यांच्या मध्यावर कारखाना काढला तर दोन्हीकडचा खर्च वाचेल, असा समज सर्वत्र आढळतो. एका काल्पनिक उदाहरणाने तो तपासता येईल. खाण आणि शहर यांत ३०० किलोमीटरचे अंतर आहे, एक टन पक्क्या मालाला दोन टन खनिज लागते आणि वाहतुकीचा दर टनाला किलोमीटरमागे तीन रुपये आहे, असे मानू. कारखाना शहरात असेल तर पक्क्या मालाच्या टनामागे खर्च १,८०० रुपये. बरोबर मध्यावर असेल तर १,३५० रुपये. खाणीजवळ असेल तर ९०० रुपये. वजन घटणाऱ्या मालात कारखाना खाणीकडे जितका सरकेल तितका खर्च कमी होतो.

प्रत्यक्षात मध्यावरची जागा याहूनही महाग पडते. माल चढविणे आणि उतरविणे यांचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो आणि मध्ये थांबल्यास तो दोनदा करावा लागतो. शिवाय रेल्वेच्या भाड्यात अंतर वाढते तसा प्रतिकिलोमीटर दर उतरतो. एकच लांबचा प्रवास दोन तुकड्यांच्या प्रवासापेक्षा त्यामुळे स्वस्त ठरतो. याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे बंदर. तेथे जहाजातून माल उतरवावाच लागतो. आयात कच्च्या तेलावर चालणारे शुद्धीकरण कारखाने १९५०च्या दशकात मुंबईत माहुल-तुर्भे परिसरात आले ते याच तत्त्वाने.

गुरुत्वमध्याची चकवा देणारी पद्धत

कच्चा माल दोन-तीन ठिकाणांहून येत असेल आणि गिऱ्हाईके अनेक शहरांत असतील, तर हिशेब गुंतागुंतीचा होतो. एका फळीवर नकाशा ठेवून प्रत्येक ठिकाणी भोक पाडायचे, त्यातून दोऱ्या सोडून त्यांना मालाच्या प्रमाणात वजने बांधायची आणि दोऱ्यांची वरची टोके एका गाठीत बांधून सोडायची. गाठ जेथे स्थिरावेल ती सर्वांत स्वस्त जागा, अशी एक जुनी यांत्रिक युक्ती आहे. एका ठिकाणचे वजन उरलेल्या सर्वांच्या बेरजेइतके किंवा त्याहून अधिक असेल, तर गाठ थेट त्याच भोकावर येऊन थांबते. हेच उत्तर आकडेमोडीने काढण्याची रीत हंगेरीच्या एंद्रे वाइझफेल्ड यांनी १९३७ मध्ये दिली.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत मात्र सोपी म्हणून गुरुत्वमध्य काढण्याची पद्धत शिकविली जाते. ती जपून वापरावी लागते. एकाच महामार्गावर तीन शहरे आहेत असे समजू. पहिले शून्य किलोमीटरवर असून तेथे रोज सहा ट्रक माल जातो. दुसरे १०० किलोमीटरवर आणि तिसरे २५० किलोमीटरवर असून तेथे प्रत्येकी दोन ट्रक जातात. गुरुत्वमध्य ७० किलोमीटरवर येतो. तेथून माल पोचविण्यास रोज ८४० ट्रक-किलोमीटर धावावे लागते. पहिल्या शहरातच कारखाना असेल तर केवळ ७००. गुरुत्वमध्य अंतरांच्या वर्गांची बेरीज लहान करतो, अंतरांची नव्हे, हे या फरकाचे कारण. रस्ते व रेल्वेमार्ग यांच्या जाळ्यावर एकूण भारित अंतर सर्वांत कमी ठेवणारी एक जागा नेहमीच जाळ्यातील एखाद्या नाक्यावर किंवा टोकाच्या ठिकाणी सापडते, हे एस. एल. हकिमी यांनी १९६४ मध्ये गणिताने सिद्ध केले. अनुभवी वाहतूकदार जंक्शनची जागा पसंत करतात, त्याला असा आधार आहे.

चांद्यापासून साकचीपर्यंत

भारतातील पोलाद उद्योगाच्या आरंभीचा शोध म्हणजे या सिद्धांताचा जणू वस्तुपाठच आहे आणि त्याची सुरुवात आजच्या महाराष्ट्रात झाली. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा १८८२ मधील एक अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. जवळच वरोऱ्याचा कोळसा होता, पण तो पोलादाच्या भट्टीसाठी योग्य ठरला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा शोध घेतला गेला तेव्हा खनिजाचे साठेही अपुरे असल्याचे दिसून आले. त्यानंतर दुर्ग भागातील दल्ली-राजहराचे उत्तम खनिज सापडले. परंतु कोकसाठी योग्य कोळसा तेथून दूर होता. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये मयूरभंज संस्थानातील खनिजाकडे लक्ष वेधले आणि कोडे सुटले. मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा, सुवर्णरेखा व खरकई नद्यांचे पाणी आणि जवळून जाणारा रेल्वेमार्ग यांच्या मेळाने साकची हे गाव निवडले गेले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९१२ मध्ये पोलाद तयार झाले आणि १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले.

दल्ली-राजहराचे खनिज पुढे १९५९ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या कारखान्याला मिळाले. कोळसा परदेशातून जहाजाने येऊ लागला, तेव्हा विशाखापट्टणम आणि रायगड जिल्ह्यातील डोलवी यांसारख्या किनाऱ्यावरील जागा सोयीच्या ठरल्या. कच्चा माल बदलला की योग्य जागाही बदलते, ती अशी.

भाडे समान झाले तेव्हा

धोरणाच्या एका फटक्याने हे गणित उलटेही होऊ शकते. स्वतंत्र भारतात १९५०च्या दशकात केंद्र सरकारने पोलादासारख्या मालासाठी भाडे समानीकरणाचे धोरण स्वीकारले. कारखान्यापासून कितीही दूर असले तरी देशातील रेल्वे स्थानकांवर पोलाद एकाच भावाने मिळावे, अशी ही व्यवस्था होती. सर्व प्रदेशांत उद्योग पसरावेत हा हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला, की पोलादाच्या भट्टीजवळ यंत्रकारखाना काढण्याचा नैसर्गिक फायदाच नाहीसा झाला. बंदर, भांडवल आणि बाजारपेठ हाताशी असलेल्या पश्चिम व दक्षिण भारताला त्याचा लाभ मिळाला. खनिजसंपन्न बिहारची, ज्यातून २००० मध्ये झारखंड वेगळे झाले, तसेच ओरिसा व पश्चिम बंगालची ही जुनी तक्रार आहे. कापसाला अशी सवलत नव्हती, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. हे धोरण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस रद्द झाले. तोवर जे उद्योग जेथे रुजायचे ते रुजले होते. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचे श्रेय केवळ या धोरणाला देणे अन्यायाचे ठरेल, पण तिचा हिशेब मांडताना हा रकाना कोरा ठेवता येत नाही.

गडचिरोलीतील सूरजागडच्या लोहखनिजाबाबत आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. खनिज बाहेर न नेता जिल्ह्यातच त्यावर प्रक्रिया व्हावी, ही स्थानिकांची मागणी वजन घटण्याच्या तत्त्वाशी सुसंगत आहे. रोजगार कोणाच्या दारात येणार, हे त्यावर ठरते.

उसाच्या गाडीचे भाडे

दंड कोण भरतो, याचे उत्तर साखर कारखानदारीत सर्वांत स्पष्ट मिळते. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटत असल्याने तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळावा लागतो. म्हणूनच लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालेल्या प्रवरेच्या कारखान्यापासून सहकारी कारखाने ऊसक्षेत्राच्या मध्येच उभारले गेले. पुढे कारखान्यांत उसाची पळवापळवी होऊ नये म्हणून किमान हवाई अंतराची अट आली. केंद्राच्या आदेशात ती १५ किलोमीटरची असली, तरी महाराष्ट्राने ती २५ किलोमीटर केली.

तरीही क्षमता वाढविलेल्या कारखान्याला जवळचा ऊस पुरेनासा झाला की त्याच्या गाड्या दूरच्या तालुक्यांत जाऊ लागतात. केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर हा कारखान्याच्या दारातील दर असतो. महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करूनच शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात. हा खर्च सरासरीने आकारला गेल्यास कारखान्याला लागून शेत असलेला शेतकरीही शंभर किलोमीटरवरून आलेल्या उसाच्या भाड्यात वाटेकरी होतो. अंतरानुसार टप्पे पाडून कपात करावी, ही मागणी त्यातूनच पुढे आली.

जीएसटीनंतरचा नकाशा

पूर्वी परराज्यात थेट विक्री केल्यास केंद्रीय विक्रीकर लागे. तो वाचविण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईचा जकात कर त्याच वेळी गेला आणि गोदामाची जागा कराऐवजी अंतरावरून ठरविण्याची मुभा मिळाली. सिमेंट उद्योगाने तर कारखान्याचेच दोन भाग केले. भाजताना चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व वजन घटते, म्हणून क्लिंकरची भट्टी चंद्रपूरसारख्या चुनखडीच्या जिल्ह्यात राहते. दळताना मात्र जिप्सम व राख मिसळून वजन वाढते, म्हणून दळण्याचे काम औष्णिक वीज केंद्राजवळ वा शहराजवळ होते.

जागा निवडणाऱ्याने म्हणूनच नकाशाआधी तराजू हाती घ्यावा. प्रक्रियेत वजन किती घटते किंवा वाढते, माल किती वेळा चढवावा-उतरवावा लागतो, ट्रकला परतीचे भाडे मिळते की तो रिकामा येतो, आणि आजची करसवलत उद्या गेली तरी ही जागा परवडेल का, एवढे चार प्रश्न आधी सुटले पाहिजेत. सवलतीची मुदत संपते. खाणीपासूनचे अंतर तेवढेच राहते.